घरातली वस्त्रे आणि घरातले मन

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या दिवशी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा चिटणीसबाईंनी विषयाची मोकळीक दिली होती. वर्धापनदिनी आपण आहार, बचत, मुलांचे संगोपन यांवर ऐकत आलो आहोत. ते विषय मोठे आहेत यात शंका नाही. परंतु मी आज जरा लहान वाटणारा विषय घेतला आहे. घरात आपण काय नेसतो, काय घालतो, आणि त्याचा आपल्या मनाशी काय संबंध आहे, एवढेच मला सांगायचे आहे. विषय ऐकून काही जणी हसल्या, हसू द्या. हसून का होईना, विषय सर्वांच्या ओळखीचा निघाला हे बरे झाले.

आपल्या प्रत्येकीच्या घरी कपड्यांच्या दोन जागा असतात. एक कपाट किंवा ट्रंक, आणि दुसरी दांडी. कपाटात पैठणी असते. आपल्या जिल्ह्यातले येवले तिच्यासाठी नावाजलेले आहे. हातमागावर एकेक पैठणी विणायला कित्येक आठवडे, पदर भरजरी असला तर कित्येक महिनेही लागतात. आपण ती मलमलीत गुंडाळून ठेवतो, लग्नामुंजीला काढतो, आणि तिच्या घड्या बदलून पुन्हा ठेवून देतो. दांडीवर मात्र रोजचे कपडे असतात. आता साधा हिशोब करा. वर्षातले तीस दिवस आपण समारंभाचे कपडे घालतो असे धरले, तर तीनशे पस्तीस दिवस अंगावर दांडीवरचेच असतात. नोकरी करणाऱ्या भगिनींच्या बाबतीतही रात्र, पहाट, आणि सुट्टीचा दिवस दांडीचाच. म्हणजे आपले आयुष्य जाते ते या कपड्यांत. स्वयंपाक यांच्यातच होतो, मुलांची आजारपणे यांच्यातच काढली जातात, हसणे, रुसणे आणि डोळे पुसणे यांच्यातच होते. असे असताना पैठणीवर लेख येतात, प्रदर्शने भरतात, आणि दांडीवरच्या कपड्यांविषयी कोणी चकार शब्द काढत नाही.

वस्त्र आणि मन यांचे नाते मात्र आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. रामायण आठवून पाहा. कैकेयी रागावून क्रोधागारात जाते तेव्हा दागिने उतरवून मळके वस्त्र नेसते आणि जमिनीवर पडते. राजाला तिने अजून एक शब्दही सांगितलेला नसतो, पण वस्त्राने सारे सांगून झालेले असते. पुढे वनवासाला निघताना सीतेच्या हातात वल्कल येते, तेव्हा ते नेसायचे कसे हे तिला कळत नाही. ती गोंधळून उभी राहते आणि शेवटी रामच ते तिला बांधून देतो. राजवाडा सुटल्याचे दुःख त्या एका न जमणाऱ्या वस्त्रात एकवटले आहे. आपण पंचवटीच्या परिसरात राहणाऱ्या. सीतेच्या त्यागाविषयी पुष्कळ ऐकतो. पण या गावी येण्यापूर्वी अयोध्येत क्षणभर बावरलेली ती मुलगीही आपण ओळखली पाहिजे.

आपली भाषाच पाहा ना. कामाला लागायचे म्हणजे आपण पदर खोचतो. दया मागायची तर पदर पसरतो, आणि अनाथ मुलाला आधार दिला तर त्याला पदरात घेतले म्हणतो. मनाचे इतके व्यवहार एका वस्त्राच्या टोकाला आपण बांधून ठेवले आहेत. आणि तो पदर पैठणीचा नव्हे बरे का! पैठणीच्या पदराने कोणी चुलीवरचे पातेले उतरवले आहे काय? मुलाचे नाक पुसले आहे काय? म्हणी ज्या पदरातून निघाल्या तो रोजच्या सुती लुगड्याचा पदर.

त्या लुगड्याविषयी थोडे बोलते. आज नऊवारी म्हटले की आपल्याला गुढीपाडव्याची शोभायात्रा आठवते. पण आपल्या आज्या-पणज्यांना नऊवारी हा रोजच्या कामाचा पोषाख होता. कासोटा घातला की शेतात वाकता येई, विहिरीवर पाणी शेंदता येई, जात्यावर मांडी घालून बसता येई. पुढे ओचा असे. त्यात भाजी, शेंगा, फुले, काय वाटेल ते मावे. कनवटीला पैसे असत, किल्ल्या असत. घरातली सत्ता कोणाची हे कनवटीवरून समजे! हे लुगडे धुऊन धुऊन मऊ झाले की ते खरे अंगाचे होई. नव्या कोऱ्या लुगड्याची खळ टोचते, ते आपले नसते. जुने झाले की आपले होते.

या मऊपणाची किंमत आपल्या बायकांनी जितकी जाणली तितकी दुसऱ्या कोणी जाणली नसेल. बाळ जन्मले की त्याला पहिल्यांदा गुंडाळायचे ते नव्या कापडात नव्हे, आजीच्या जुन्या धुवट लुगड्यात. त्याच लुगड्याची दुपटी होत, लंगोट होत. लुगडे विरले की त्याचा धडपा होई, आणि धडपेही विरले की एकावर एक घालून गोधडी शिवली जाई. गोधडीची ऊब कापसाची, दुलईचीही ऊब कापसाची. पण आजारी माणूस गोधडीच मागते. कारण त्या थरांत आईचा, आजीचा, कधी आत्याचा वास असतो. गेलेल्या माणसाची पैठणी आपण लेकीसुनांत वाटून टाकतो. पण त्यांचे घरात नेसायचे एखादे पातळ हातात आले की घडी करता करता हात थांबतो. असे का व्हावे? समारंभात ते माणूस सर्वांचे होते. घरातल्या पातळात ते फक्त आपले होते.

येथपर्यंत सारे गोड झाले. परंतु भगिनींनो, वस्त्राची दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितल्यावाचून विषय पुरा होणार नाही. आपल्या मनाला काय वाटते ते वस्त्र सांगते हे खरे. पण कित्येकदा बाईच्या मनाला काय वाटले पाहिजे, हे दुसऱ्यांनी ठरवून ते वस्त्र तिच्या अंगावर चढवले आहे. काही समाजांत विधवेला आलवण नेसवत. सोळा वर्षांची मुलगी असली तरी तिने जन्मभर त्या एका रंगात राहायचे. तिचे दुःख सहा महिन्यांनी हलके झाले असेल, सहा वर्षांनी ती एखाद्या विनोदाला हसलीही असेल. पण लुगडे सांगत राहणार की, तू दुःखीच असले पाहिजेस. आलवण गेले, पण तो विचार पुरता गेला असे कोणी म्हणू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला मे २०२२ मध्ये ठराव करावा लागला की, पती निधन पावल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात. ठराव करणाऱ्या गावाचे कौतुक. पण २०२२ साली तो करावा लागला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

सोवळ्याचेही तसेच. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपल्या वडिलांच्या कडक सोवळ्याच्या हकिकती लिहून ठेवल्या आहेत. त्या वाचताना हसू येते, कारण लक्ष्मीबाईंची लेखणीच तशी. पण हसू ओसरले की मनात येते, त्या घरातल्या बायकांनी दिवस कसे काढले असतील? जेथे शिवण्याची सतत धास्ती, तेथे घरातल्या घरातही अंग मोकळे झाले नसणार.

आता याच्या उलट उदाहरण देते. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकायला अमेरिकेला निघाल्या. जाण्यापूर्वी बंगालमध्ये श्रीरामपूर येथे त्यांनी भाषण केले, आणि तेथे गेल्यावरही मी हिंदू म्हणूनच राहीन, माझा वेष आणि माझा आहार बदलणार नाही, असे सर्वांना सांगितले. फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांनी लुगडे सोडले नाही. मात्र आपल्याकडच्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, त्या तिकडच्या हवेला सोसेनात आणि तिकडच्या रीतीलाही जुळेनात, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने नेसणे पत्करले. या लहानशा गोष्टीत केवढे शहाणपण आहे पाहा. जे वस्त्र त्यांना आपले घर वाटत होते ते त्यांनी राखले, आणि शरीराला जो त्रास होत होता तेवढा दूर केला. काय राखायचे आणि काय बदलायचे हे त्यांचे त्यांनी ठरवले. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षांचेही पुरते आयुष्य लाभले नाही त्या बाईंना. पण आपल्या अंगावरच्या वस्त्राचा निर्णय आपण घ्यायचा, हा धडा त्या आपल्याला देऊन गेल्या.

नऊवारीची सहावारी झाली, म्हणजे आपले गोल पातळ आले, तेव्हाही घराघरांत कुरबुरी झाल्या. कासोटा सोडला म्हणजे मर्यादा सोडली, असे म्हणणारी वडीलधारी मंडळी होती. नंतर तेच गोल पातळ मर्यादेचे झाले, आणि पंजाबी ड्रेस घालणाऱ्या सुनेवर टीका होऊ लागली. पुढे पंजाबी ड्रेसही सभ्य ठरला. आता पाळी आली आहे गाऊनची.

होय, भगिनींनो, मी गाऊनवर आले आहे. काही जणी त्याचीच वाट पाहत होत्या! मंडळाच्या सूचनापेटीत एक चिठ्ठी आली होती, ती कार्यकारी मंडळात वाचली गेली. ‘गाऊन घालून दूध आणायला व भाजीच्या गाडीवर येणाऱ्या भगिनींना मंडळाने समज द्यावी,’ असे तीत लिहिले होते. खाली नाव नव्हते, आणि लिहिणारीने चांगल्या हेतूनेच लिहिले असणार, असे मी धरून चालते. म्हणून तिला उत्तरही सन्मानानेच दिले पाहिजे.

असा विचार करणारे आपण पहिले नव्हे. नवी मुंबईतल्या गोठिवली गावात २०१४ साली एका महिला मंडळानेच दिवसा गाऊन घालून बाहेर फिरण्यास बंदी केली आणि मोडणाऱ्या बाईस पाचशे रुपये दंड ठेवला. आंध्र प्रदेशातल्या तोकलपल्ली गावात २०१८ साली सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत गाऊन घालण्यास मनाई झाली. तेथे दंड दोन हजारांचा, आणि चुगली करणारीला एक हजाराचे बक्षीस! दंडापेक्षा मला या बक्षिसाची जास्त भीती वाटली. ज्या शेजारणीकडे आपण वाटीभर साखर मागायला जातो, तिच्यावरच पाळत ठेवायची? दूध नासावे तसा शेजार नासायला मग काय वेळ लागतो?

आता गाऊनने बाईला काय दिले ते पाहू. पहाटे पाचला उठून दोन डबे करायचे, तर निऱ्या सांभाळत बसायला वेळ कोणाला आहे? बाळंतिणीला अंगावर पाजायला पुढे उघडणारा गाऊन सोयीचा. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला कमरेला नाडी सोसत नाही; पाळी जाण्याच्या वयात अंगाची लाही होते तेव्हा परकराची गाठ नकोशी वाटते. गुडघे धरलेल्या सत्तरीच्या आजी साडीत पाय अडकून पडण्याला भितात. नऊवारी सोडून त्या एकदम गाऊनवर आल्या, आणि म्हणाल्या, ‘इतकी वर्षे हे कोणी सांगितले कसे नाही?’ आणि खिसा! ओचा गेला, कनवटी गेली, त्यानंतर कित्येक वर्षांनी बाईच्या कपड्याला पुन्हा जागा मिळाली ती गाऊनच्या खिशात. त्यात किल्ली राहते, मोबाईल राहतो, दुधाचे सुटे पैसे राहतात. आजीच्या ओच्याचाच हा वंशज म्हणायला हरकत नाही.

आणि वर आपल्याकडची मर्यादा कशी, तर दाराची घंटा वाजली की गाऊनवर ओढणी यायची. ओढणी सापडली नाही तर टॉवेल, तोही नाही तर दांडीवरचा पंचा! पोस्टमन बिचारा पत्र देऊन जातो, त्याला काही पडलेले नसते. याच घरात पुरुष मंडळी बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून दारात उभी राहून गप्पा मारतात, फाटकाशी वर्तमानपत्र वाचतात. त्यांच्याविषयी सूचनापेटीत चिठ्ठी आल्याचे मला आठवत नाही.

माझे म्हणणे असे की, घरातले कपडे हे आळसाचे लक्षण नव्हे. दिवसभर बाई कोणासाठी ना कोणासाठी नीटनेटकी असते. कचेरीत साहेबांसाठी, कार्यात पाहुण्यांसाठी, देवळात चार लोकांसाठी. घरी येऊन ती पिना काढते, केस सैल बांधते, धुवट सुती कपडा अंगात घालते आणि दीर्घ श्वास सोडते. त्या श्वासाला विश्रांती म्हणतात. तेवढी एक जागा तिच्या मालकीची असू द्यावी.

वस्त्राचा मनावर परिणाम होतो याचा अभ्यास परदेशातही झाला आहे. अमेरिकेत हायो ॲडम आणि ॲडम गॅलिन्स्की या दोघांनी २०१२ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. एकच पांढरा कोट काही जणांना डॉक्टरचा म्हणून घालायला दिला आणि काही जणांना रंगाऱ्याचा म्हणून. डॉक्टरचा समजून घालणाऱ्यांचे लक्ष कामावर अधिक टिकले. पुढे २०१९ मध्ये त्यांच्यातला एक प्रयोग इतरांनी पुन्हा करून पाहिला, तेव्हा त्यात तसा परिणाम दिसला नाही. तेव्हा या शास्त्राच्या आधारे फार मोठ्या गोष्टी मी सांगणार नाही. आपला अनुभवही आहेच. २०२० च्या टाळेबंदीत सारे घरी बसले, तेव्हा पहिले आठ दिवस घरच्या कपड्यांचे सुख वाटले. महिना लोटला तसे कित्येकींना वाटू लागले की, आज उगाच का होईना, एखादी बरी साडी नेसावी. म्हणजे मनाला सैलपणा हवा तसा बदलही हवा.

येथे एक गंभीर गोष्ट सांगते, तिच्याकडे कृपा करून लक्ष द्यावे. स्वतः निवडलेला सैल कपडा वेगळा, आणि बदलायचे बळच न उरल्यामुळे अंगावर तसाच राहिलेला कपडा वेगळा. एरवी टापटीप असणारी शेजारीण चार-चार दिवस त्याच कपड्यात दिसू लागली, अंघोळीला टाळू लागली, केस विंचरीनाशी झाली, बोलायला बाहेर येईनाशी झाली, तर ‘काय हा गबाळेपणा’ असे म्हणून पुढे जाऊ नका. बाळंतपणानंतर, घरात मृत्यू झाल्यावर, मुले परगावी गेल्यावर मन खचते. ते असेच पहिल्यांदा दिसते. अशा वेळी समज देणारी चिठ्ठी नको. चहाचा कप घेऊन जा. ‘बरे नाही का वाटत?’ एवढेच विचारा. दोन आठवडे लोटूनही तसेच राहिले तर डॉक्टरांकडे सोबत जा. ज्या गाऊनसाठी आपण तिला दंड करणार होतो, त्याच गाऊनने कदाचित ती आपल्याला हाक मारत असेल.

आता थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. एक, घरातले म्हणजे टाकाऊ, असे समजू नये. बाहेर घालून विटलेले, फाटलेले तेवढे घरात वापरायचे, ही आपली जुनी खोड आहे. जेथे आयुष्य जाते तेथे चिंध्या का? वर्षातून दोन तरी कपडे खास घरासाठी म्हणून नवे घ्यावेत, आपल्या आवडीच्या रंगाचे. दोन, स्वयंपाकघरात कापड सुतीच असावे. सुतालाही आग लागते, नाही असे नाही; पण नायलॉन, पॉलिएस्टर वितळून अंगाला चिकटते आणि भाजणे खोल होते. लोंबती ओढणी आणि सैल बाही शेगडीपासून जपावी. तीन, खिसा नसेल तर शिवून घ्यावा. वीतभर कापड लागते. चार, आणि हे सासूबाईंसाठी, सुनेने घरात काय घालावे हे तिला एकदा विचारून पाहावे, सांगून पाहू नये. आणि सुनांनीही सासूबाईंना एखादा मऊ गाऊन आणून द्यावा. घातला तर उत्तम, नाही घातला तर त्यांचे लुगडे त्यांना लखलाभ. तेही त्यांचे घरच आहे.

अध्यक्षबाई, वेळ झाल्याची खूण मला दिसली, समारोप करते. चिठ्ठी लिहिणाऱ्या भगिनीस माझे नम्र सांगणे असे की, मंडळाच्या सभेला, हळदीकुंकवाला आपण सर्वजणी प्रसंगाला शोभेल अशाच येतो. ते कोणी शिकवावे लागत नाही. दुधाच्या रांगेतला कपडा मात्र ज्याचा त्याच्यावर सोडावा. आपल्या मंडळाने कोणाच्याही वस्त्राविषयी समज देऊ नये, दंड तर नाहीच नाही, असा ठराव आज मी मांडते. आणि त्याला जोडून दुसरा: दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी मंडळाच्या खोलीत गोधडी शिवण्याचा वर्ग सुरू करावा. प्रत्येकीने घरातले एक जुने पातळ आणावे, आणि यायचे ते घरच्या कपड्यांत यावे. शिवता शिवता बोलणे होईल, कोण खुशीत आहे आणि कोण खचली आहे ते आपोआप कळेल. पहिली गोधडी शहरातल्या एखाद्या बाळंतिणीला द्यावी.

दोन्ही ठरावांना अनुमोदन देण्यासाठी मी भगिनींना विनंती करते आणि आपली रजा घेते.